येळवशीपर्यंत

बीड जिल्ह्यात तिखट खात नाहीत, असं मला निघताना कुणीतरी सांगितलं होतं. मी ते खरं मानलं आणि कांदा-लसूण चटणीची मोठी बरणी सोबत घेतली. पहिल्याच जेवणाला वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशींनी ताटात ठेचा वाढला. कोल्हापूरची म्हणून मी तो मोठ्या ऐटीत भाकरीला लावला आणि पुढच्या क्षणी पाण्याचा तांब्या शोधायला लागले. ओळीनं बसलेली पोरं खो-खो हसली. कोल्हापूरची अब्रू परळी तालुक्यात पहिल्या घासालाच गेली.

तरी ते हसणं बरं वाटलं. त्याआधी तासभर त्यातल्या एकाही पोरानं माझ्याकडं नीट बघितलं नव्हतं.

मी जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याची. माहेर तिथंच, सासरही तिथंच, मध्ये फक्त एक ओढा. सगळी नोकरी गावच्या बालवाडीत झाली. मालक गेले, मी निवृत्त झाले, शेती आणि गोठा मुलानं हातात घेतला. सून माझ्यापेक्षा हुशार. त्यामुळं घरात माझ्या वाट्याला टीव्ही आणि निवडायला दिलेली मेथी एवढंच उरलं. मेथी निवडण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, पण रोज मेथी?

आमच्या भागात दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', असा तिथला हिशोब. कोयत्याबरोबर पोरंही येतात आणि फडाच्या कडेला, पाचटाच्या खोपटात हिवाळा काढतात. एका वर्षी तिकडच्या एका सेवाभावी संस्थेची बाई आमच्या रानात टोळीशी बोलायला आली. ती आईबापांना सांगत होती, की पोरांना गावातच ठेवा, शाळेजवळ वसतिगृह काढलंय, शिधा आहे, पुस्तकं आहेत. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सगळं आहे हो, पण पोरांजवळ मायेनं राहणारं माणूस नाही मिळत." माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येतो की."

आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'मी येतो, मी जातो.' संस्थेच्या बाईला आधी भाषेचं नवल वाटलं, मग माझं. घरी कळलं तेव्हा मुलगा जेवता जेवता हसला. "आई, तुला मावशीच्या घरी एक रात्र काढवत नाही, आणि तू बीडला राहणार?" तो हसला नसता तर मी कदाचित गेलेही नसते. आमच्यात डिवचलं की माणूस उठतं.

तर अशी मी दिवाळीनंतर धर्मापुरीच्या अलीकडच्या त्या गावात येऊन पडले. गाव चांगलं मोठं, पण अर्ध्या दारांना कुलपं. ओट्यांवर म्हातारी माणसं आणि त्यांच्या पायाशी शेळ्या. शाळेला लागून दोन लांब खोल्या, पुढं फरशी घातलेलं अंगण, मागं स्वयंपाकघर. कामाला मी कधी भ्यायले नाही. केसातल्या लिखा काढायच्या, पाढे घ्यायचे, अंघोळीला पळणाऱ्यांना बखोटीला धरून आणायचं, भांडणं सोडवायची. दिवस हातोहात जायचा. दिवेलागण झाली की मात्र एकेक चेहरा उतरायला लागायचा. आधी लहानांचा, मग मोठ्यांचा, शेवटी माझा.

गंमत अशी होती, की त्या पोरांची माणसं जिथं होती तिथंच माझीही माणसं होती. मी त्यांच्या गावात आणि त्यांचे आईबाप माझ्या गावाच्या आसपास. हे पोरांच्या ध्यानात आलं आणि माझा भाव एकदम वाढला. संध्याकाळी माझ्याभोवती कोंडाळं व्हायचं.

"बाई, तुमच्याकडं थंडी लई हाय का? आमची आई गोधडी इसरून गेलती."

"बाई, तिथं नदीला सुसर हाय का?"

"बाई, तिथं लाईट जाती का?"

मी सगळं सांगायची. थंडी आहे, पण पाचटाची शेकोटी करतात. नदीवर सकाळी धुकं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही. गुऱ्हाळ सुरू झालं की चार वाड्या पलीकडं वास जातो. आणि कुठल्याही फडात उभं राहून मान वर केली की डोंगर दिसतो, त्यावर देवळाची शिखरं. पोरांना धीर यावा म्हणून मी सांगायला बसायची आणि सांगता सांगता माझाच आवाज बसायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "बाईला घरची याद आली," आणि बाई उठून उगाच भांड्यांचा आवाज करायच्या.

मला खरंच फार आठवण यायची. हे लिहायला लाज कशाला? माणसांची यायची तशी गाईंची यायची. सुनेच्या हातचा चहा मला कधी आवडला नव्हता, तोसुद्धा आठवायचा. सगळ्यात जास्त तो डोंगर. इथली जमीन काळीभोर, देखणी, पण सपाट. नजर टाकली की ती जातच राहते, कुठं टेकत नाही. एका रविवारी मावशी मला धर्मापुरीच्या जुन्या देवळात घेऊन गेल्या. देवाचं नाव केदारेश्वर. आमचा जोतिबाही केदारच. मी त्या थंड गाभाऱ्यात हात जोडून उभी राहिले आणि देवाला म्हणाले, बाबा, तू इथं आणि तिथं दोन्हीकडं कसा राहतोस, मला जरा शिकव.

या सगळ्या पोरांत एक मुलगी होती दुसरीतली. काळीसावळी, कपाळ मोठं, बोलणं जवळजवळ नाहीच. बाकीची पोरं मला चिकटली, ती नाही. तेल लावायला बोलावलं की ती स्वतःच्या हातानं डोकं थापटून घ्यायची. मावशींनी मला तिची गोष्ट सांगितली. तिच्या आईला तिला इथं ठेवायचं होतं, बापाला नव्हतं. धाकटा भाऊ रांगत होता. फडात आई-बाप ऊस तोडत असताना त्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. शेवटी बाप जाताना बोलून गेला, "येळवशीपर्यंत बघू. करमलं तर ऱ्हाईल, न्हाई करमलं तर घेऊन जाऊ."

"मग गेली तर गेली," मी म्हणाले. "आईजवळ राहील बिचारी."

मावशींनी परातीतलं पीठ मळता मळता हात थांबवला. "बाई, एकदा फडावर गेलेली पोर परत फळ्याम्होरं बसत न्हाई. मी बी अशीच गेलते."

यानंतर मला त्या पोरीकडं बघितल्यावर जिवाला घोर लागायला लागला. ती राहिली पाहिजे, एवढंच मला वाटायचं. पण मी कुठल्या तोंडानं तिला सांगणार? संस्थेच्या सरांनी मला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कधीपर्यंत थांबाल?" तेव्हा मावशींच्या तोंडचा शब्द उचलून मी म्हणाले होते, "येळवशीपर्यंत बघू." येळवस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. एखादी जत्रा असेल, असं वाटलं होतं. म्हणजे माझी आणि त्या पोरीची बोली एकच होती.

संध्याकाळी अंगणाच्या पायरीवर ती येऊन बसायची. परळीकडून येणारा रस्ता तिथून दिसतो. मीही बसायची, जरा अंतर सोडून. ती माझ्याशी बोलायची नाही, मी तिच्याशी बोलायची नाही. लांबून एखाद्या गाडीचा दिवा दिसला की दोघींच्याही माना वर व्हायच्या, आणि गाडी पुढं निघून गेली की पुन्हा खाली.

तिचा चुलता पिकअप चालवायचा. येळवशीला तो टोळीसाठी ज्वारी आणि डाळी घेऊन कोल्हापूरकडं निघणार होता, आणि पोर रमली नसेल तर तिलाही नेणार होता. एकदा तो तिला भेटायला आला तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं.

"दादा, गाडीत एक जागा माझ्यासाठी पण ठेवा. जोतिबाच्या पायथ्याला सोडा मला. वाटेतच आहे."

"कावून बाई? पटलं न्हाई का आमचं गाव?"

"पटलं हो. पण मी काय इथली हाय का?"

त्यानं मान डोलावली. पुरुषमाणसाला असल्या गोष्टीत जास्त विचारायचं नसतं, हे त्याला कळत होतं. मी पोरांना सांगितलं नाही, मावशींनाही नाही. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा तो हसला नाही. "ये आई," एवढंच म्हणाला. ते ऐकून तर कधी एकदा निघते असं झालं. येळवशीचा दिवस अमावास्येचा निघाला, आणि आमच्याकडं अमावास्येला कुणी प्रवासाला निघत नाही. सासूबाई असत्या तर उंबऱ्यात आडव्या झोपल्या असत्या. पण मला तेव्हा अमावास्याही आडवी येईना.

मग तो प्रकार घडला.

अमावास्या तोंडावर आली होती. सकाळी स्वयंपाकघराच्या मागं राख टाकायला गेले तर काय! भिंतीच्या कडेला पाच दगड ओळीनं मांडलेले. चुन्यानं पांढरे केलेले, वर कावेचे लाल ठिपके. हळद-कुंकू. समोर करवंटीत पीठ कालवलेलं पाणी. आमच्याकडं अमावास्येच्या आसपास असलं काही दिसलं की त्याचा अर्थ एकच, उतारा. कुणीतरी कुणाची तरी पीडा उतरवून टाकलीय, आणि जो ओलांडेल त्याच्या मानगुटीला बसणार. आणि इथं तर पोरं अनवाणी फिरतात!

मी बालवाडीत पोरांना भूत नसतं म्हणून शिकवलेली बाई. पण त्या क्षणी माझ्यातून सासूबाईच बोलायला लागल्या. डाव्या हातानं एकेक दगड उचलला आणि कुंपणापलीकडच्या बाभळीत भिरकावला. करवंटी पायानं उडवली. मग स्वयंपाकघरात जाऊन मीठ-मिरच्या घेतल्या, सगळ्या पोरांना अंगणात ओळीनं उभं केलं आणि दृष्ट काढायला सुरुवात केली. "आल्या-गेल्याची, पापी-चांडाळाची..." पोरांना वाटलं नवीन खेळ आहे. ती एकमेकांना ढकलत पुढं यायला लागली.

मावशी दूध घेऊन आल्या आणि फाटकातच उभ्या राहिल्या. "बाई, काय झालं वो?"

मी सांगितलं. पाच दगड, चुना, करवंटी, करणी.

मावशींनी दुधाची किटली खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि मग त्यांना उभं राहवेना. त्या फरशीवर फतकल मारून बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अवो बाई, पांडव हायत ते! पांडव! येळवशीचे! करणी म्हणं!"

मग मला समजावून सांगितलं. त्या भागात मार्गशीर्षाच्या अमावास्येला येळवस करतात. सगळं गाव आपापल्या रानात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून बसवायचे, त्यांना नैवेद्य दाखवायचा, रानात अंबील शिंपडायची आणि तिथंच बसून जेवायचं. ज्याला रान नाही त्याला दुसरा बोलावतो. वाटेनं जाणाऱ्यालाही उपाशी जाऊ देत नाहीत.

ऐकता ऐकता मला आमच्या उसातली एक जुनी गोष्ट आठवली. मी तेव्हा नवी नवरी. टोळीच्या बायकांनी एका अमावास्येला बांधावर असेच दगड मांडले होते आणि आम्हाला लांबून हाका मारत होत्या, "या वो जेवायला, या!" सासूबाईंनी मला हाताला धरून दुसऱ्या वाटेनं घरी नेलं होतं. त्या बायका केवढ्या लांब येऊन सण करत होत्या, आणि सणाला घरचं कुणी नाही म्हणून आम्हाला बोलावत होत्या. सासूबाई बिचाऱ्या भीतीनं जेवल्या नाहीत, आणि मीही त्या जेवणाला मुकले.

हे मनात चालू असताना कुणीतरी माझ्या पदराला झटका दिला. तीच मुलगी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलत होती, आणि रागानं लाल झाली होती.

"आमचे पांडव कावून फेकले? मी केलते ते! आमच्या रानाचे हायत! औंदा आमच्या रानात कोणीच न्हाई, मग कोण मांडीन?"

मी कुंपणापलीकडं गेले आणि बाभळीत शिरले. ती फाटकाशी उभी राहून हुकूम सोडत होती, "त्यो न्हाई, मोठा! भीमाचा मोठा हाय!" साडी फाटली, हाताला काटे लागले, पण पाचही पांडव सापडले. आम्ही दोघींनी ते धुतले, पुन्हा चुना लावला. काव लावताना मी चुकले तर ती माझं बोट धरून जागेवर नेत होती.

"तुझ्या रानात मांडू आपण," मी म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

"येळवशीच्या सांच्याला काकाच्या गाडीत जायचंय मला," ती म्हणाली. "त्याच्या आधी मांडू."

म्हणजे तिचं ठरलेलंच होतं. आणि माझंही. मी चुन्याचा हात धुवायला उठले.

येळवशीच्या दिवशी सकाळपासून गावात चूल नुसती भडकलेली. मावशींनी भज्जी केली. तुरीचे दाणे, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, रानातली सगळी भाजी एकत्र शिजवून बेसन लावलेलं ते प्रकरण मला शब्दांत सांगता येणार नाही. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबट झालेली अंबील. दहाच्या सुमाराला गाव रिकामं झालं. कुत्रीसुद्धा माणसांच्या मागं गेली. वसतिगृहातली बहुतेक पोरं कुणाच्या आजोबांबरोबर, कुणाच्या आत्याबरोबर पांगली. उरलेली तीन-चार, मावशी, ती मुलगी आणि मी चुलत्याच्या पिकअपमध्ये बसलो. मागं धान्याची पोती, त्यांच्यावर तिची कापडी पिशवी आणि पिशवीशेजारी माझी पेटी. पेटी मी पहाटेच गपचूप नेऊन ठेवली होती. तिनं पेटीकडं एकदा बघितलं.

त्यांचं रान म्हणजे ओढ्याकाठची एक पट्टी. चुलत्यानं त्यात ज्वारी पेरली होती, ती चांगली निसवली होती. कडेला तुरीच्या दोन ओळी. आम्ही पेंढ्या टेकवून कोप उभी केली, वर एक जुनी शाल टाकली. पांडव आत बसवण्याचं काम तिनंच केलं. आई कशी करते ते तिला पाठ होतं. आधी शेणानं सारवलं, मग पिठाची रेघ, मग भीम मध्ये. मी आणि मावशी नुसत्या हाताखाली. मडकं घेऊन चुलता पुढं, त्याच्या मागं आम्ही, अंबील शिंपडत कोपीभोवती फिरलो आणि सगळे ओरडलो, "ओलगे ओलगे सालम पोलगे!" याचा अर्थ काय ते मला कुणी सांगू शकलं नाही. ओरडायला मात्र फार बरं वाटलं. शेजारच्या रानांतूनही तेच ओरडणं येत होतं, आणि मधूनमधून हाका, "या वो जेवायला!"

जेवणं झाली आणि चुलत्यानं फोन लावला. समोर चेहरे दिसणारा. पोरीची आई फडाच्या कडेला उभी होती, डोक्याला फडकं, कडेवर झोपलेलं पोर. आवाज तुटत होता. मुलगी फोनला तोंड लावून म्हणाली, "आई, मी पांडव मांडले! मी सांच्याला निघते काकाबरोबर!"

"मांडले का? बघू. रान दाव मला."

चुलत्यानं फोन माझ्या हातात दिला आणि काय दाबायचं ते दाखवलं. मी फोन रानाकडं केला. आता तिला तिकडं ज्वारी दिसत होती आणि मला इकडं काचेवर ती. आणि तिच्या पाठीमागं, तोडलेल्या फडाच्या वर, पाचट जाळल्याच्या धुरातून, माझा डोंगर. वरची शिखरं. डाव्या अंगाला उतरणारी ती सोंड, तिच्या पायथ्याशी आमचं गाव. घर दिसत नव्हतं. पण मला ठाऊक होतं ते कुठं आहे, त्या सोंडेच्या बोटभर खाली. सून आता गोठ्यात असेल. माझे हात कापायला लागले.

"बाई, हात हलवू नका वो," पलीकडून आई म्हणाली. "रान दिसंना."

मी दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

"जरा डावीकडं. बांध दाव. तुरीला शेंगा धरल्या का? अजून डावीकडं. हां. तिथंच थांबा, बाई. जरा तिथंच."

मी थांबले. ती बोलायची बंद झाली. ती तिकडून तिच्या बांधाकडं बघत होती आणि मी इकडून माझ्या डोंगराकडं. मुलगी माझ्या दंडाखालून डोकं घालून काचेत बघायला लागली. आई आपल्याकडं बघत नाहीय, हे तिला दिसलं. आई रानाकडं बघत होती आणि फडक्याच्या टोकानं डोळे पुसत होती.

पोरीनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आई, मी न्हाई येत तिकडं. तूच ये."

मला वाटलं फोन तुटला. मग आवाज आला, "येते गं. पाडव्याला येते. तू शाळंत जा. भाऊला मी बघते." आणि मग खरंच तुटला.

चुलत्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मंग हिची पिशवी उतरवायची का?"

ती कुणाची वाट न बघता चाकावर पाय देऊन गाडीत चढली. पोत्यांवरून आपली पिशवी ओढली आणि खाली टाकली. मग तिथंच उभी राहून तिनं माझ्या पेटीच्या कडीला हात घातला आणि माझ्याकडं बघितलं.

"बाई, तुमची बी उतरवू का?"

मावशींनी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना आत्ता कळलं. चुलता दुसरीकडं बघायला लागला. पोर कडी धरून उभी होती. तिला ती पेटी उचलणार नव्हती, पण तिनं हात काढला नाही.

"उतरव," मी म्हणाले. "तुझी आई आली की मग जातो."

चुलत्यानं पेटी खाली घेतली. मी ज्वारीकडं तोंड फिरवलं आणि मला रडू फुटलं, अगदी हुंदके देऊन. मावशींना वाटलं, पोर राहिली म्हणून बाईचा जीव भरून आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मी तो फिरवू दिला. पण खोटं कशाला लिहू? पोरीसाठी मला त्या क्षणी काही वाटत नव्हतं. मला घरी जायचं होतं.